शाळेच्या हॉलमध्ये वसलेलं हॉबर्ट बेंड

मधुमती मोहरील ब्रिस्टलच्या त्या शाळेत भूगोल शिकवायला लागली, तेव्हा मुलांनी पहिल्याच आठवड्यात तिच्या आडनावाचा पार चुराडा केला. मोरिल, मोहेर, मोहॉक असं करत करत शेवटी ती 'मिस एम' झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही. नावापेक्षा मोठी चिंता तिच्यापुढे उभी होती. इयर एटचा, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा, सी वर्ग तिचं ऐकतच नव्हता.

ती मूळची नागपूरची. भूगोलात एम. ए. केलेलं, दोन वर्षं तिथल्या एका कॉलेजात शिकवलेलं. मग विनयशी लग्न झालं. विनय फिल्टनला विमानांच्या पंखांवर काम करणारा इंजिनिअर, त्यामुळे संसार ब्रिस्टलला थाटला. तनू झाली, शाळेत जायला लागली. तनूच्या त्या प्राथमिक शाळेत मधुमती जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारी डिनर लेडी म्हणून लागली. तिथून टीचिंग असिस्टंट, तिथून पीजीसीई, म्हणजे इथलं बी. एड. २००५च्या सप्टेंबरात, छत्तिशी ओलांडल्यावर, ती एकदाची स्वतःच्या वर्गाच्या दारात उभी राहिली. त्या सकाळी तिला इतका आनंद झाला होता की विनयने दिलेला डबा ती गाडीच्या टपावरच विसरली.

तो आनंद दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही.

नव्या शिक्षकाचं पहिलं वर्ष म्हणजे इंडक्शन. त्या वर्षात कुणीतरी मागे बसून तुमचा तास बघतं, आणि वर्षअखेर तुम्ही नापास ठरलात तर सरकारी शाळेत पुन्हा शिकवायचं नाव काढायचं नाही. मधुमतीचा तास बघायला भूगोल विभागाच्या प्रमुख ग्वेन पॅरी यायच्या. वेल्श बाई, आखूड पांढरे केस, बोलणं थेट. नोव्हेंबरात त्यांनी 'वस्ती आणि लोकसंख्या' हा पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला. त्या तासाला जॉर्डन नावाच्या मुलाने तीन कागदी विमानं केली, केलीने शेजारणीची नखं रंगवली, आणि सोमालियाहून हॉलंडमार्गे आलेला अब्दी खिडकीतून बाहेर बघत बसला.

तास संपल्यावर ग्वेन म्हणाल्या, "मधू, तुझं ज्ञान पक्कं आहे. त्यात मला शंका नाही. पण तू वर्गाशी बोलत नाहीस. तू पाठ म्हणून दाखवतेस."

मधुमती संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडूनच. कुकर लावता लावता तिने विनयला सगळं सांगितलं.

"मला एक सांग," विनय कोथिंबीर निवडत म्हणाला, "तुला स्वतःला तो पाठ आवडतो का?"

"अजिबात नाही. कुठल्या तरी जुन्या पुस्तकातलं मेलेलं शहर. इतकी लोकसंख्या, इतके कारखाने, इतक्या शाळा. वाचतानाच मला जांभया येतात."

"मग त्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

तनू टेबलाशी बसून हे ऐकत होती. ती सात वर्षांची, मराठी बोलायची पण तिच्या मराठीत पुल्लिंग-स्त्रीलिंग कुठेही जाऊन बसायचं. "आई, मला पण माझी होमवर्क आवडत नाही. मी नको करू?"

"तू तुझा होमवर्क कर," मधुमती म्हणाली. पण विनयचा प्रश्न काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

नाताळच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला ती वर्गात आली ती अमेरिकेचा एक भलामोठा रस्त्यांचा नकाशा काखेत मारून. खुर्चीवर चढून तिने तो भिंतीवर लावला. गळ्यातला स्कार्फ सोडला आणि वर्गापुढे धरला.

"पाठ्यपुस्तक बंद करा. आज एकाने डोळे बांधून या नकाशात पिन टोचायची. जिथे टोचेल ते शहर या टर्मभर आपलं. कोण येतंय?"

वर्गात आधी कुणाचा विश्वासच बसेना. मग एकदम सगळे हात वर. "न्यूयॉर्क!" "मिस, लास व्हेगास!" "मी, मिस, मी!" तिने जॉर्डनला उठवलं. विमानं करणारे हात तरी कामाला लागतील असा तिचा हिशेब. जॉर्डनने डोळे बांधून घेतले, गोल फिरला, आणि पिन टोचली ती थेट मिशिगन सरोवरात.

वर्ग हसून हसून लोळला. "मिस, जॉर्डन बुडाला!"

"दुसरी संधी," मधुमती म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

दुसऱ्यांदा पिन आयोवा राज्यात बसली. केली नाक नकाशाला लावून वाचायला लागली. "हॉ...बर्ट बेंड. मिस, हे काय आहे? इथे काहीच नाहीये. पुन्हा टोचू द्या."

"काहीच नाही? तुला कसं कळलं?"

"मिस, ठिपका बघा ना केवढासा आहे!"

"त्या ठिपक्यात माणसं राहतात. मुलं शाळेत जातात. मलाही त्यांच्याबद्दल काहीसुद्धा माहीत नाही. तुम्हाला काय काय जाणून घ्यायचंय ते सांगा, मी फळ्यावर लिहिते."

प्रश्न यायला लागले. तिथे मॅकडॉनल्ड्स आहे का? तिथली पोरं घोड्यावरून शाळेत जातात का? किती माणसं? नदी अशी का वळलीय? कोपऱ्यातून अब्दीचा आवाज आला, "मिस, मुळात कुणी तिथे राहायला गेलंच कशाला? आणि आता बाहेरून कुणी तिथे येतं का?"

मधुमतीचा खडू हवेत थांबला. स्थान, भूरचना, लोकसंख्या, स्थलांतर, शाळा. सगळा पाठ हीच पोरं तिला विचारत होती. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. फळा भरला, तिने भिंतीवर कागद चिकटवले, तेही भरले, आणि घंटा झाली तरी दोघं-तिघं मागे रेंगाळून "मिस, अजून एक" म्हणत राहिले.

घरी येऊन तिने कॉम्प्युटर उघडला. हॉबर्ट बेंडची वेबसाइट होती. एका स्थानिक माणसाने हौसेने केलेली, वर हिरव्या शेताचा फोटो. नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालून जाते. लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास, आणि तरी पाटीवर 'सिटी' लिहिलेलं. एके काळी चौदा हजार माणसं होती; ट्रॅक्टरचे भाग करणारा कारखाना बंद पडला आणि गाव आटत गेलं. प्राथमिक शाळा तीन, मग एक मिडल स्कूल, एक हायस्कूल. तिने मिडल स्कूलच्या पत्त्यावर ईमेल केला: आम्ही ब्रिस्टलचे, डोळे बांधून पिन टोचली ती तुमच्या गावाला लागली, आम्हाला तुमच्याबद्दल विचारायचं आहे.

तिला उत्तराची आशा नव्हती. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मेल उघडला आणि ती जागच्या जागी किंचाळली. ग्वेन पॅरींचा चहा सांडला.

डेल ऑस्ट्रम नावाच्या समाजशास्त्राच्या शिक्षकाने लिहिलं होतं, 'आमच्याबद्दल आजवर कुणी मुद्दाम विचारलेलं नाही. रस्ता चुकून विचारतात तेवढंच. माझा वर्ग खूश झालाय. विचारा, काय वाटेल ते विचारा.'

त्यानंतर सी वर्गाचं रूपच पालटलं. दर मंगळवारी प्रश्न जायचे, दर गुरुवारी उत्तरं यायची. घोडे दोघांकडेच आहेत. मॅकडॉनल्ड्स आहे, हायवेवर. हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ जमतो. मांस पॅक करण्याचा कारखाना निघाला तेव्हापासून मेक्सिकोहून कुटुंबं आली, आणि दोन वर्षांपूर्वी एक सोमाली कुटुंबही. ही ओळ मधुमतीने मोठ्याने वाचली तेव्हा अब्दी बाकावरून उठून उभाच राहिला. "सोमाली? तिथे? मक्याच्या शेतात?" त्या दिवसापासून अब्दी खिडकी विसरला.

आणि मग नकाशा. कल्पना केलीची. "मिस, कागदावर नको. हॉलमध्ये काढू या. जमिनीवर. आपल्याला आत चालता येईल असा." उपमुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हॉल दिला. पोरांनी चिकटपट्ट्यांचे रस्ते ओढले. न्याहारीच्या सीरिअलच्या रिकाम्या खोक्यांची घरं झाली, शाळा झाल्या, चर्च झालं. चिप्सच्या लांबट डब्यांची धान्याची कोठारं उभी राहिली. नदीचं काय करायचं यावर फार भांडणं झाली. रंगाने जमीन खराब होणार, कागद फाटणार. शेवटी मधुमतीने घरून एक निळी सुती साडी आणली आणि हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडली. साडी अशी काही झोकदार वळली की पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

"मिस, तुम्ही एवढं सगळं अंगाला गुंडाळता?" जॉर्डनने विचारलं.

"आणि त्यात सायकलसुद्धा चालवलीय," मधुमती म्हणाली.

मार्चमध्ये ठरलं की डेलच्या वर्गाशी समोरासमोर बोलायचं. इथली दुपार ती तिथली सकाळ. हॉलमध्ये पडदा, कॉम्प्युटर, वेबकॅम. तिकडच्या मुलांना त्यांचं गाव ब्रिस्टलच्या जमिनीवर दाखवायचं. ग्वेन पॅरींनी नेमका त्याच दिवशी तास बघायचं ठरवलं, आणि सोबत मुख्याध्यापिकाही येणार म्हणाल्या. मधुमतीला सकाळी धड पोहेही खाता आले नाहीत. मात्र ही भीती नोव्हेंबरसारखी नव्हती. पाय नुसते जमिनीला टेकत नव्हते.

पडदा उजळला. धूसर चौकटीत वीस-पंचवीस चेहरे, पुढे लाल शर्टातला दाढीवाला डेल. दोन्हीकडून आरडाओरडा झाला. डेलने हात वर केला, तोंड उघडलं आणि तसाच थिजला. चित्र अडकलं. मग पडद्यावर काळं पसरलं आणि कॉल तुटला.

शाळेचा टेक्निशियन धावत आला. वायर काढली, घातली. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. पोरं आधी कुजबुजली, मग चुळबुळली, मग मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी ढकललं. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. मधुमतीला वाटलं, झालं. एवढे दिवस उभं केलेलं गाव आता यांच्याच पायांखाली जाणार.

तेवढ्यात तिला आठवलं की डेलने वर्गातल्या फोनचा नंबर मेलच्या खाली दिला होता. तिने पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि स्टेजवरचा माइक ओढून फोनला चिकटवला. हॉलभर रिंग घुमली.

"हॅलो?" डेलचा आवाज छतावरून आल्यासारखा आला. "मिसेस मोहरील? आम्हाला तुम्ही दिसत नाही."

"आम्हालाही तुम्ही दिसत नाही," मधुमती म्हणाली. काय करायचं हे तिचं तिलाच अजून ठाऊक नव्हतं. पण बोलता बोलताच तिला ते सुचलं. "दिसायची गरजही नाही. तुमच्यापैकी एकाने सांगायचं, घरून शाळेत कसं येता ते. आमचा एकजण तुमच्या गावातून चालेल. आमचं गाव बरोबर असेल तर तो शाळेत पोहोचेल."

पलीकडे एकच गलका. एका मुलीने फोन घेतला. तिचं नाव ब्रुक.

"जॉर्डन, बूट काढ," मधुमती म्हणाली.

जॉर्डन मोज्यांवर नकाशात उतरला. एका मोज्याला भोक होतं. एरवी पोरांनी त्याला त्यावरून छळलं असतं, आज कुणाचं लक्षच गेलं नाही.

"माझ्या घरातून निघ. पिवळं घर, गावाच्या अगदी पूर्वेला," ब्रुक म्हणाली. "सरळ ये. आता कोठारं दिसतात?"

"दिसतात. थांब, आधी पूल ओलांडतो. हां, आलो कोठारांशी."

"पूल? नाही नाही. आधी कोठारं. कोठारांना वळसा घाल आणि मग पूल."

"पूल मी मघाशीच ओलांडला!"

"मग तुम्ही आमची कोठारं नदीच्या पलीकडे नेलीत की काय?"

केलीने कोठारांकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "मिस, नदी चुकलीय!"

"मग बघत काय बसलात?" मधुमती ओरडली. "नदी सरकवा!"

सगळा वर्ग बूट फेकत धावला. दहा-बारा जणांनी साडी उचलली. कुणी पदराकडून, कुणी मधून. "इकडे, इकडे!" "पुलाखालून काढ!" "अब्दी, वळण धर, वळण सुटतंय!" फोनवरून ब्रुकचा वर्ग ओरडत होता, "अजून पश्चिमेला!" त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी ओरडत होते. नदी हवेतून कोठारांच्या डोक्यावरून गेली आणि पलीकडे जाऊन अलगद बसली; मागोमाग केलीने पूलही तिथे नेला. जॉर्डन पुन्हा पिवळ्या घरापासून निघाला. कोठारं, वळसा, पूल, चर्च, डावीकडे, आणि तो एका खोक्यापुढे उभा राहिला.

"मी शाळेसमोर उभा आहे," तो म्हणाला. "दारापुढे झेंड्याचा खांब आहे."

"आहे! तीच!" ब्रुक किंचाळली, आणि दोन देशांत एकदम टाळ्या पडल्या.

मग रांगच लागली. अब्दी त्या सोमाली कुटुंबातल्या मुलीच्या वाटेवरून चालला आणि मध्येच दोघं आपल्या भाषेत बोलायला लागली. कुणाला काही कळलं नाही, पण कुणी त्यांना थांबवलं नाही. केली गेली ती टाय नावाच्या मुलाच्या वाटेने. टायने तिला बागेपर्यंत आणलं.

"बागेसमोर शाळा आहे का तुमच्या नकाशावर?" त्याने विचारलं.

"आहे. प्राथमिक. तिसरी."

"ती आता नाहीये. म्हणजे इमारत आहे, पण गेल्या उन्हाळ्यात बंद केली. मी तिथेच होतो. माझी बहीण आता बसने पलीकडच्या शाळेत जाते."

"बंद का केली?"

"मुलं कमी झाली. वेबसाइटवर अजून बदललेलं नाही."

केली वाकून त्या खोक्याकडे बघत राहिली. मग तिने मधुमतीकडे पाहिलं. "मिस, हिला काढायचं की ठेवायचं?"

मधुमतीने माइक फोनला आणखी जवळ धरला. "टाय, तू सांग. गाव तुझं आहे."

"ठेवा," टाय म्हणाला. "फक्त दार बंद करा."

केलीने खोक्याची उघडी झाकणं दुमडली आणि त्यावर चिकटपट्टी लावली. लोकसंख्या घटते म्हणजे काय, हे मधुमतीला आता शिकवावं लागणार नव्हतं.

मग डेल फोनवर आला. "आता आमची पाळी," तो म्हणाला. "आमची जिम रिकामी आहे. तुम्ही घरून शाळेत कसे येता, ते आम्हाला हवं आहे."

घंटा झाली. कुणी हललं नाही. मधुमतीने वळून मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं, तर मुख्याध्यापिका एकट्याच बसल्या होत्या. ग्वेन पॅरी बूट काढून, मोज्यांवर, कोठारांच्या पलीकडच्या तीरावर उभ्या होत्या आणि दोन पोरींना विचारत होत्या, "रेल्वे कुठून जाते म्हणालात?"

नंतर त्या मधुमतीला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, "मी आज काहीच लिहून घेतलेलं नाही. माझा कागद कोरा आहे. पुढच्या आठवड्यात तू मला सांग काय झालं, मी लिहीन."

मधुमती घरी पोहोचली तीच धापा टाकत. "विनय! विनय, आम्ही नदी उचलली!" विनय आणि तनू दोघंही बाहेर आले. तिला एका दमात सगळं सांगायचं होतं आणि काहीच धड क्रमाने सांगता येईना. भोकाचा मोजा आधी आला, पूल नंतर. टायची शाळा सांगताना ती थांबली, आणि अब्दीचं सांगताना पुन्हा उभी राहिली. तनूने डोळे मोठे करून विचारलं, "आई, तो नदी जड होता का?"

"ती नदी," विनय म्हणाला.

"खूप हलकी होती गं," मधुमती म्हणाली आणि तनूला उचलून तिने स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

जुलैमध्ये तिचं इंडक्शन पूर्ण झालं. त्याआधीच, मे महिन्यात, हॉबर्ट बेंडच्या जिममध्ये ब्रिस्टलचा त्यांचा भाग उभा राहिला होता. ग्लॉस्टर रोड, चढ, फिश अँड चिप्सची दुकानं. जॉर्डनने फोनवरून वाट सांगितली, तर त्याचं खास ब्रिस्टली इंग्लिश तिकडे कुणाला कळेना. अब्दीला मध्ये दुभाषा व्हावं लागलं. दोन्ही वर्ग हसून बेजार झाले.

आणि २००८च्या ईस्टरला डेल ऑस्ट्रम खरोखरच आला. सोबत त्याची बायको, ब्रुक, टाय आणि आणखी चार मुलं. त्यांनी गावात केक विकून, गाड्या धुऊन तिकिटांचं जमवलं होतं. टेम्पल मीड्स स्टेशनवर मधुमती सी वर्गाला घेऊन उभी होती. पोरं आता इयर टेनमध्ये. जॉर्डन तिच्यापेक्षा उंच, आवाज फुटलेला. गाडी लागली. इकडची पोरं हात हलवायचं विसरूनच गेली. एकमेकांना आवाजावरून ओळखायची सवय. चेहरे बघून सगळी लाजली.

मग ब्रुकने तोंड उघडलं. "जॉर्डन कोण?"

"मी," जॉर्डन म्हणाला, आणि त्याने तिची बॅग उचलली. "चल. बाहेर पडलं की डावीकडे."

सगळे एकदम बोलायला लागले. केली टायला विचारत होती, त्या बंद शाळेचं पुढे काय झालं. टाय सांगत होता की आता तिथे संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात, मेक्सिकोहून आलेल्या बायका येतात, त्याची आईही शिकवायला जाते. डेलने मधुमतीचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि तिचं आडनाव, अगदी नीट, एकही अक्षर न चुकवता उच्चारलं.

"मी सराव केला," तो म्हणाला.

मधुमती खळखळून हसली. पुढे पोरांचा घोळका स्टेशनच्या उतारावरून निघाला होता, आणि त्यांना गाठायला ती आणि डेल दोघंही जवळजवळ पळतच सुटले.